आधी पार्टी पाहा, मग गाडी : इंटरनेटवरून जुनी स्पोर्ट्स कार घेताना

कपड्याच्या बाजारात एक रिवाज जुना आहे. माल कितीही देखणा असो, समोरची पार्टी अनोळखी असेल तर व्यापारी आधी विचारपूस करतो. पेढी कुठे आहे, किती वर्षांची आहे, दलाल कोण, पेमेंट कसे आहे, हे कळल्याशिवाय तो ताका उलगडत नाही. तोच व्यापारी किंवा त्याचा मुलगा मोबाइलवर जुन्या गाडीची जाहिरात पाहतो, तेव्हा मात्र उलटे घडते. आधी फोटो आवडतो, मग भाव आवडतो, मग बयाना जातो, आणि पार्टी कोण हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो. कित्येकदा तो पोलीस ठाण्यातच विचारला जातो.

अलीकडे भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीसारख्या गावांतही तरुण मुलांना दोन दरवाजांच्या, जमिनीलगत धावणाऱ्या स्पोर्ट्स कारचे आकर्षण वाढले आहे. असा शौक करावा की करू नये, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. पण गाडीला लागणारे दहा-पंधरा लाख रुपये बहुधा धंद्यातूनच निघतात. सूत खरेदीचे भांडवल, कारागिरांची मजुरी, सणापूर्वीचा स्टॉक याच पैशात असतो. म्हणून या व्यवहाराकडे शौक म्हणून न पाहता सौदा म्हणून पाहिले पाहिजे.

स्वस्त का, हे आधी विचारा

महागड्या गाड्यांची किंमत आपल्याकडे फार लवकर उतरते. नवी असताना जिचे नावही काढवत नव्हते, ती गाडी आठ-दहा वर्षांनी नव्या साध्या गाडीच्या भावात मिळते. यात लबाडी असतेच असे नाही. अशा गाडीचा खर्च मोठा असतो, सुटे भाग महाग असतात आणि काही गाड्यांची तर कंपनीच उरलेली नसते. फियाटची १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो २०१५ मध्ये भारतात आली आणि २०१९ मध्ये फियाटने येथील मोटारविक्रीच थांबवली. फोर्डने २०२१ मध्ये भारतातील गाड्यांचे उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. गोव्यात तयार झालेल्या सॅन स्टॉर्म या दोन आसनी गाडीचे उत्पादनही केव्हाच बंद पडले. अशी गाडी घेणाऱ्याने सुटे भाग कुठून आणि कोणत्या भावाने मिळतील, हे गाडी पाहण्यापूर्वीच गॅरेजवाल्याला विचारावे.

दुसरे कारण दिल्लीचे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. २०२५ मध्ये न्यायालयाने कारवाईला काही प्रमाणात आवर घातला. तरी या काळात दिल्लीच्या कितीतरी चांगल्या गाड्या स्वस्तात बाहेरच्या राज्यांत गेल्या. अशी गाडी वाईट नसते, परंतु तिचा खरा भाव जाहिरातीत लिहिलेला नसतो. महाराष्ट्रात आणल्यावर येथील वाहनकर भरावा लागतो. तो गाडीच्या मूळ किमतीवर टक्केवारीने आकारला जातो व वयानुसार कमी होतो. आयात केलेल्या किंवा कंपनीच्या नावावरील गाडीला मूळ दरच २० टक्के आहे. म्हणून परराज्यातील गाडीचा सौदा करण्यापूर्वी आपल्या आरटीओ कार्यालयात कराचा आकडा काढून घ्यावा आणि तो भावात मिळवूनच गाडी स्वस्त की महाग ते ठरवावे.

स्वस्ताईची ही वाजवी कारणे झाली. यातले एकही लागू पडत नसेल आणि भाव तरीही बाजारापेक्षा निम्मा असेल, तर गाडी चोरीची, कर्जातली, पुरात बुडालेली, अपघातात मोडलेली किंवा मुळात नसलेलीच असू शकते.

कायदा हक्क देतो, माणूस शोधून देत नाही

मालविक्रीचा १९३० चा कायदा आपल्या रोजच्या व्यापाराचा पाया आहे. त्याच्या कलम २७ चे तत्त्व असे की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क असेल तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. काही अपवाद आहेत, पण चोराकडून घेतलेल्या मालाला ते उपयोगी पडत नाहीत. म्हणजे चोरीची गाडी तुम्ही पुरे पैसे मोजून, नेक इराद्याने घेतली तरी ती तुमची होत नाही. मूळ मालक सापडला की गाडी त्याच्याकडे जाते. शिवाय भाव संशय येण्याइतका कमी असूनही तुम्ही डोळे मिटून माल घेतलात असे दिसले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली चोरीचा माल घेतल्याचा ठपका तुमच्यावरच येऊ शकतो.

याच कायद्याचे कलम १४ सांगते की माल विकण्याचा आपल्याला हक्क आहे, अशी हमी विक्रेत्याने दिलेलीच असते. ती खोटी ठरली तर पैसे परत मागता येतात. पण मागायचे कोणाकडे? ज्याचे खरे नाव, घर, दुकान काहीच ठाऊक नाही, त्याच्यावर दावा कसा लावणार? जाहिरातीची साइट ही बहुधा केवळ जाहिरात लावण्याची जागा असते. ती विक्रेत्याला जामीन राहत नाही. बाजारातली ओळखीची पार्टी गैर वागली तर तिला चार माणसांत बसवता येते. मोबाइलवरच्या नावाला बसवता येत नाही. म्हणून पार्टी आधी पाहायची, आणि ती कागदावर पाहायची.

पार्टी कागदावर कशी पाहावी

मोटार वाहन कायदा १९८८ नुसार गाडी ज्याच्या नावे नोंदलेली असते तोच मालक मानला जातो. कर्जावरील गाडीत करारानुसार ज्याचा ताबा असतो तो. चावी ज्याच्या हातात तो मालक, असे कायदा म्हणत नाही. तेव्हा पहिले काम एकच : आरसी बुकावरचे नाव आणि तुमच्यापुढे उभा असलेला माणूस एक आहे काय, हे ओळखपत्र घेऊन ताडून पाहणे. "गाडी भावाची आहे", "साहेब परदेशी आहेत", "मित्राने विकायला दिली" अशी उत्तरे मिळाली तर खुद्द मालकाशी समोरासमोर बोलणे होईपर्यंत व्यवहार थांबवावा.

गाडीचा नंबर मिळताच परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर तो टाकून पाहावा. नोंदणी चालू आहे की नाही, विमा व पीयूसी कधीपर्यंत आहे, कोणत्या बँकेचे कर्ज नोंदलेले आहे, हे तेथे कळते. मालकाचे नाव पूर्ण दिसत नाही, पण अक्षरे जुळतात की नाही ते समजते. थकलेल्या चलनांची रक्कम ई-चलनच्या पानावर पाहावी. जो विक्रेता फोटोत नंबर प्लेट झाकतो आणि मागितल्यावरही नंबर देत नाही, त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

विक्रेता डीलर असेल तर त्याचे अधिकारपत्र मागावे. जुन्या गाड्यांच्या डीलरांना नोंदणी प्राधिकरणाकडून अधिकारपत्र घेण्याचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. मालकाने आपल्याकडे गाडी सोपवल्याची खबरही डीलरने ऑनलाइन द्यायची असते. डीलरने जीएसटी लावला तर तो त्याच्या नफ्याच्या रकमेवर असतो, आणि जानेवारी २०२५ पासून त्याचा दर १८ टक्के आहे. घरगुती वापराची गाडी विकणारा साधा माणूस "जीएसटीचे पैसे आधी पाठवा" म्हणाला, तर तो ठग आहे असे समजावे.

कोऱ्या सह्यांचे फॉर्म नकोत

गाडी नावावर करण्यासाठी विक्रेत्याची खबर म्हणून फॉर्म २९ आणि नाव बदलण्याचा अर्ज म्हणून फॉर्म ३० लागतो. परराज्यातील गाडीला तेथील आरटीओचा ना-हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, लागतो. कर्ज फिटलेले असेल तर बँकेचे पत्र व फॉर्म ३५ लागतो.

बाजारात एक वाईट चाल आहे. मालक फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून, खरेदीदाराचे नाव कोरे ठेवून गाडी देऊन टाकतो. मग ती त्याच कोऱ्या फॉर्मवर दोन-तीन हात फिरते. अशा गाडीची बातच निराळी. ज्याच्याकडून तुम्ही घेता त्याचे नाव कोणत्याही कागदावर नसते, आणि ज्याचे नाव असते त्याला तुम्ही पाहिलेलेही नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात निर्णय दिला, तेव्हा असेच घडले होते. गाडी एकामागून एक विकली गेली, नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावे राहिली आणि पुढे अपघात झाला. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदलेल्या मालकावर टाकली. म्हणजे गाडी विकणाऱ्यानेही नाव बदलेपर्यंत निश्चिंत राहू नये.

आरसीवर बँकेचे नाव असेल तर विक्रेत्याने दाखवलेल्या पत्रावर भरवसा ठेवू नये. त्या शाखेत स्वतः जाऊन कर्जखाते बंद झाले का ते विचारावे. कर्ज बाकी असेल तर तेवढी रक्कम सरळ बँकेच्या कर्जखात्यात भरावी आणि उरलेली विक्रेत्याला द्यावी. विक्रेता "पैसे द्या, मी कर्ज फेडतो" म्हणेल. त्याने फेडले नाही तर बँक गाडी ओढून नेईल आणि तुम्ही मध्येच राहाल.

परदेशी गाडीचा निराळा धोका

आयात केलेल्या स्पोर्ट्स कारमध्ये आणखी एक कागद पाहावा लागतो, तो कस्टम्सचा. सप्टेंबर २०२५ मध्ये कस्टम्स खात्याने केरळात "ऑपरेशन नुमखोर" नावाने मोहीम काढली आणि भूतानमार्गे, कर चुकवून आल्याचा संशय असलेल्या अनेक महागड्या गाड्या ताब्यात घेतल्या. अशा गाड्यांवर भारतीय नंबर असतो, आरसीही असते. म्हणून आयात गाडी घेताना बिल ऑफ एंट्री आणि शुल्क भरल्याची पावती पाहावी, आणि तिच्यावरील चेसिस नंबर गाडीशी जुळवावा. चुकवलेला कर गाडीला चिकटलेला असतो. मालक बदलला म्हणून तो सुटत नाही.

आता माल तपासा

पार्टी ठीक निघाली की मग गाडीकडे वळावे. दिवसाच्या उजेडात, विक्रेत्याच्या राहत्या पत्त्यावर, सोबत एक जाणता मेकॅनिक घेऊन पाहावी. अडीच-तीन हजार रुपयांसाठी मेकॅनिक टाळू नये.

चेसिस नंबर : अलीकडच्या गाड्यांवर हा १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरत नाहीत. बॉडीवर कोरलेला, दरवाजाजवळच्या पट्टीवरचा आणि आरसीतला नंबर एकच हवा. कोरलेल्या जागी घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर तेथूनच परत फिरावे.

इंजिन : थंड असताना सुरू करून पाहावे. तुम्ही पोहोचण्यापूर्वीच ते गरम करून ठेवले असेल तर का, हे विचारावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. न थांबणारा पांढरा धूर म्हणजे बहुधा कूलंट आत शिरते. टर्बो इंजिनात शिट्टीसारखा आवाज किंवा ओढ कमी वाटली तर टर्बोचा खर्च भावातून वजा करावा.

मीटर : किलोमीटरचा काटा मागे फिरवणे आता सॉफ्टवेअरने होते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधील नोंदी तारखेवार मागाव्यात. ओबीडी स्कॅनर लावून संगणकातले दोष पाहावेत. दोष नुकतेच पुसलेले असतील तर स्कॅनरमध्ये काही चाचण्या अपूर्ण दिसतात.

पुराची गाडी : मुंबईत २६ जुलै २००५ रोजी आणि चेन्नईत २०१५ मध्ये असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या, तसे आजही होते. कार्पेट उचलून खाली गाळ आहे का पाहावे, सीटच्या रुळांवरचा गंज पाहावा, बंद गाडीत कुबट वास येतो का तेही पाहावे.

टायर : बाजूवरच्या शेवटच्या चार अंकांत आठवडा आणि वर्ष असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चारही टायर जुने असतील तर या गाड्यांत ती मोठी रक्कम असते.

फेरफार : शौकीन लोक सायलेन्सर बदलतात, इंजिनाचा संगणक बदलून ताकद वाढवतात. मूळ बनावटीत फेरफार करण्याला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आड येते, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. विमा कंपनी भरपाई देताना हेच कारण पुढे करू शकते. जाहिरातीत "फुल मॉडिफाइड" हे गुण म्हणून लिहिलेले असते. घेणाऱ्याने ते ऐब म्हणून वाचावे.

पैसे कधी आणि कोणाला

इंटरनेटवरच्या ठगीचा एक नमुना आता देशभर माहीत झाला आहे. विक्रेता आपण लष्करात असल्याचे सांगतो, गणवेशातले ओळखपत्र पाठवतो, बदली झाल्यामुळे गाडी स्वस्तात देतो. गाडी पाहायची म्हटले तर ती छावणीत किंवा विमानतळाच्या पार्किंगमध्ये असते. मग तो वाहतुकीचे, विम्याचे, पासाचे थोडे थोडे पैसे मागतो. ही माणसे फौजी नसतात आणि गाडीही नसते. रक्कम लहान असली तरी न पाहिलेल्या गाडीसाठी एक रुपयाही पाठवू नये.

मुलांना हेही सांगून ठेवावे की यूपीआयचा पिन पैसे पाठवण्यासाठी असतो. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. "तुमचा बयाना परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा" असे कोणी म्हटले तर खाते रिकामे होईल.

गाडी पाहून पसंत पडल्यावरच बयाना द्यावा, तो लहान ठेवावा आणि लेखी पावती घ्यावी. कागद खोटे निघाले तर बयाना परत, असे पावतीवर लिहून घ्यावे. बाकी रक्कम आरसीवरच्या मालकाच्याच खात्यात बँकेतून भरावी. आरटीजीएस, एनईएफटी करताना खातेदाराचे नाव आधी दाखवण्याची सोय बँकांनी द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०२५ पासून ठरवले आहे. ते नाव जुळले नाही तर बटण दाबू नये. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास आयकर कायदा मनाई करतो. दंड घेणाऱ्याला होतो, पण तुमच्या हातीही पुरावा राहत नाही. "अर्धे रोख, अर्धे चेकने" हे आपल्या बाजारात सर्रास ऐकू येते. अनोळखी माणसाशी तसे करणे म्हणजे अर्धा व्यवहार विना पावती करणे होय.

सही झालेले फॉर्म, आरसी, विमा, बँकेचे पत्र, दोन्ही चाव्या समोर ठेवूनच शेवटची रक्कम सोडावी. गाडी कोणत्या तारखेला किती वाजता ताब्यात दिली, हे दोघांच्या सहीने लिहून ठेवावे. त्या वेळेआधीची चलने विक्रेत्याची, नंतरची तुमची.

घरी आणल्यावर

खरेदीदाराने नावबदलाची खबर ३० दिवसांत आपल्या आरटीओला द्यायची असते. विक्रेत्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि परराज्यात विकल्यास ४५ दिवसांत. विमा आपल्या नावे करून घेण्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा. दुसऱ्याला झालेल्या इजेचा विमा कायद्याने नव्या मालकाकडे येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाव बदलले नसेल तर अडतो. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो तुम्हाला मिळत नाही. जुन्या मालकाचा फास्टॅग काढून नवा लावावा.

आणि फसवणूक झालीच, तर लाजेपोटी गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा, आपल्या बँकेला कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे ठगाच्या खात्यातून पुढे सरकण्यापूर्वी अडवले गेले तरच परत येण्याची आशा असते, म्हणून पहिले काही तास मोलाचे. जाहिरात, संदेश, फोन नंबर, व्यवहार क्रमांक यातले काहीही पुसू नये.

एवढी तपासणी करण्यास आठ-दहा दिवस लागतात. या काळात विक्रेता "दुसरे गिऱ्हाईक उभे आहे, आजच टाका" असा लकडा लावील. खरा मालक कागद दाखवायला कंटाळत नाही, कारण त्यालाही आपले नाव त्या गाडीवरून उतरवायचे असते. जो घाई करतो त्याला ते दुसरे गिऱ्हाईक खुशाल घेऊ द्यावे. जुन्या गाड्या बाजारात रोज येतात. धंद्याचे भांडवल उभे करायला वर्षे लागतात.